वेगळा टॉवेल

आईने माझ्या टॉवेलला तोंड पुसलं आणि मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. घडलं ते एवढंच. जुलैतला रविवार होता. सकाळपासून पावसाची झड लागलेली, खोलीतल्या दोन्ही दोऱ्यांवर तीन दिवसांचे न वाळलेले कपडे, त्यांचा कुबट वास आणि त्यात शिजणाऱ्या डाळीतल्या हिंगाचा वास मिसळलेला. आई भांडी घासून आली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि दोरीवरचं हाताला लागेल ते ओढलं. नेमका माझा निळा टॉवेल. "आई, तो नको!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून. आई तशीच उभी राहिली. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मी टॉवेल छातीशी धरून "धुवायचाय तो" असं काहीतरी पुटपुटले. तिने पदराने तोंड पुसलं, गॅस बारीक केला आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तो माझा नववा दिवस होता.

दिवस मोजायला लागले त्याच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारपासून. मी अडतीस वर्षांची आहे, लग्न मोडून सहा वर्षं झाली. तो जुन्या ऑफिसातला मित्र. दोन वर्षं आम्ही नुसता चहा पीत आलो होतो. त्या शुक्रवारी मी त्याच्या बोरिवलीच्या घरी गेले. दारू नव्हती, घाई नव्हती, कुणी कुणाला भरीला घातलं नव्हतं. कंडोम होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतक्या वर्षांनी कुणाचा तरी हात पाठीवर टेकला तेव्हा मला रडू आलं, आणि त्याने काही न विचारता उठून पंखा कमी केला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढच्या बारा दिवसांत ती माझ्या आठवणीतून पुसलीच गेली होती. उरली होती ती फक्त नंतरची पाच मिनिटं. तो चहा घेऊन खिडकीपाशी आला, आणि उजेडात मला त्याच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात मोहरीएवढी तपकिरी खपली दिसली. "हे काय रे?" "काही नाही गं, गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला, तो फुटला ओठावर. आता गेलंच ते." मी मान हलवली आणि चहा प्यायले. कप खाली ठेवेपर्यंत माझ्या पोटात खड्डा पडला होता.

दादरला गाडी बदलताना पुलावर फुलवाल्या बायकांच्या टोपल्यांतून ओल्या झेंडूचा वास येत होता. नेहमी त्या वासाने मला बरं वाटतं. त्या संध्याकाळी मी माणसांना अंग लागू नये म्हणून कठड्याला चिकटून चालले. विक्रोळीला जाणाऱ्या धिम्या गाडीत समोरची बाई मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होती. तिच्या डोक्यावर, खिडकीच्या वरच्या पत्र्यावर एक अर्धवट फाटलेला कागद होता : गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, खाली फोन नंबर. लहानपणापासून मी हे कागद पाहत आले आहे. रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेली तीच अक्षरंही पाहिली आहेत. आजवर ती माझ्यासाठी लिहिलेली नव्हती. त्या दिवशी कांजूरमार्ग मागे पडलं तरी मी तो कागद वाचत होते, म्हणजे माझं स्टेशन मागे गेलं होतं. भांडुपला उतरून उलट आले.

रात्री आई झोपल्यावर पांघरुणात फोन घेऊन हर्पिसबद्दल, ओठावर नाहीतर खाली गुप्तांगावर फोड उठवणाऱ्या विषाणूबद्दल, वाचायला सुरुवात केली, आणि जे कुणीच पाहू नये ते फोटो पाहिले. आता कळतं की पुस्तकात आणि फोनवर छापतात ते सगळ्यांत वाईट दिसणारे फोटो. हा विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना तर कधी काही होतच नाही, किंवा झालेलं ओळखूच येत नाही. पण रात्री दीड वाजता हे कोण लक्षात घेतं? लागण झाली असेल तर फोड साधारण २ ते १२ दिवसांत उठतात, एवढं एकच वाक्य मी त्या सगळ्यातून उचललं आणि त्याला धरून बसले. सकाळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर शनिवारच्या चौकटीत पेनने बारीक ठिपका दिला. मग रोज एक. त्याच चौकटींमध्ये आई दुधाचे खाडे लिहिते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारलं, "हे ठिपके कसले गं? दूध तर रोज आलंय." मी म्हटलं, ऑफिसच्या कामाचे.

पावसाळ्यात मुंबईत कुणाच्या अंगाला खाज येत नाही? ओले कपडे, ओल्या चपला, गाडीतली गर्दी, न वाळलेली आतली वस्त्रं इस्त्रीने सुकवून घालायची. दर जुलैत मला जांघेत रॅश येतेच. या जुलैत त्या रॅशला अर्थ आला. ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून मी मोबाइलच्या टॉर्चने स्वतःला तपासायची, दिवसातून चार-पाच वेळा. टोचल्यासारखं वाटलं की दिवस कुठला ते मनात मोजायची. मांडीत मुंग्या आल्या तर तेही लक्षणांत लिहिलेलं होतंच. घरी मी साबण वेगळा केला, बादली वेगळी केली, टॉवेल दोरीच्या अगदी टोकाला टाकायला लागले. चहाचा कप स्वतः आधी विसळून घ्यायची, नंतर पुन्हा विसळून पालथा घालायची. आईला काही व्हायला नको, असं स्वतःला सांगत होते, आणि ते खरंही होतं. पण कुणाला हात न लावता वावरण्यात एक जुनी, ओळखीची सवय असल्यासारखं वाटत होतं. ती सवय माझ्यात कुठून आली ते मला तेव्हा कळलं नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे याला आपल्याकडे नाव नाही. गरमी म्हटलं की म्हाताऱ्या बायकांना कळतं, परमा म्हटलं की पुरुषांना कळतं, आणि दोन्ही शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणतात. हर्पिस म्हटलं तर घरातली माणसं म्हणतील, म्हणजे नागीण. आजीला चिपळूणजवळच्या आमच्या घरी नागीण झाली होती, मी आठ-नऊ वर्षांची असेन. कमरेला अर्ध्या बाजूने फोडांचा पट्टा, त्यावर गेरू थापलेला. ओसरीवर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस हाती लागत नाही. तिचं काही तोंड-शेपूट मिळालं नाही. ती पुढे वीस वर्षं जगली. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा उद्योग, लहानपणी येऊन अंगात दडून राहिलेल्या. माझ्या मनातला विषाणू त्याच घराण्यातला, पण वेगळा. मात्र आजीच्या नागिणीला अख्खी वाडी बघायला आली होती, कुणी लिंबू आणलं, कुणी गेरू उगाळला. माझ्या भीतीला बघायला कुणाला बोलवू?

मंगळवारी एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे सगळं कशाला?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? मी फी भरून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, आपल्याच मनाने लॅबमध्ये रक्त दिलं. गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने भरल्या खोलीत आवाज दिला : "हर्पिस कोणाचंय?" कुणी वर पाहिलंसुद्धा नसेल, सगळे आपापल्या साखरेच्या आणि थायरॉइडच्या चिंतेत होते. मी पुढे झाले. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे बहुतेक ओठावर उठणाऱ्या हर्पिसचं आयजीजी (शरीराने त्याच्याविरुद्ध रक्तात तयार केलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. दुसऱ्या प्रकारचं, बहुतेक खाली उठणाऱ्याचं, निगेटिव्ह. आयजीएम, म्हणजे दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं, सीमारेषेवर. लॅबखालच्या वडापावच्या गाडीपाशी, तेलाच्या धुरात, मी तो कागद परत परत वाचत उभी राहिले. पॉझिटिव्ह हा एकच शब्द मला वाचता येत होता.

टॉवेलची गोष्ट त्यानंतर तीन दिवसांनी घडली. त्या रविवारी रात्री दिवा मालवल्यावर आई अंधारात बोलली. "तुला काय झालंय ते मला सांगू नकोस हवं तर. पण हे वेगळं काढणं मी या घरात येऊ दिलं नव्हतं."

मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलतेय. लग्नाआधी आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं, दर महिन्याला चार दिवस, आई मागच्या पडवीत बसायची. वेगळं घोंगडं, वेगळं ताट, पाणी वरून ओतलेलं. कावळा शिवला म्हणायचे. ती कन्नमवार नगरच्या या एका खोलीत आली तेव्हा बसायला पडवीच नव्हती, आणि पडवी नाही म्हणून सुटले असं ती कधी म्हणाली नाही. तिने ठरवून सोडलं. मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी आजी गावाहून आलेली होती. आईने परात पुढे सरकवली आणि मला कणीक मळायला बसवलं. माझ्या हाताच्या पोळ्या म्हणून आजी जेवली नाही. आईने तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला नाही आणि एक शब्दही बोलली नाही. रात्री आजी दूध पिऊन झोपली. त्या घरात मी गेले नऊ दिवस स्वतःला पडवीत बसवलं होतं, वरून पाणी ओतून घेत होते, आणि आई ते बघत होती.

सोमवारी अर्धी रजा टाकून पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. केस पेपरच्या रांगेत पाऊण तास. मग जिना, मग लांबच लांब बोळ, फिनेलचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, आणि शेवटी त्वचा व गुप्तरोग विभागाची पाटी. तिच्या बाजूच्या दारावर लिहिलेलं : सुरक्षा क्लिनिक. बाकड्यावर माझ्या एका बाजूला डोक्यावरून ओढणी घेतलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला खाकी पँटमधले एक काका पायाचा नायटा खाजवत होते. आमच्यापैकी कोण कशासाठी आलंय हे बाहेरून कळत नव्हतं, आणि हे मला त्या दहा दिवसांत भेटलेलं पहिलं सुख होतं.

डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. केसांना रबर बँड, टेबलावर अर्धं खाल्लेलं बिस्किट. तिने लग्नाचं विचारलं नाही. कधी, कसं, कंडोम होता का, त्याच्या तोंडाचा खाली कुठे संबंध आला का, फोड ओला होता की खपली धरलेली, हे सगळं तिने पत्ता विचारावा तसं विचारलं. मीही मग पत्ता सांगावा तशी सांगत गेले. पडद्यामागे नर्सबाईंना उभं करून तपासलं. "काही नाहीये. ओल्या कपड्यांनी कातडी घासली गेलीय, त्यात तुम्ही सारखा साबण लावताय." मग माझा रिपोर्ट उलटा करून पाठीमागे तिने एक माणूस काढला, नुसतं डोकं आणि कणा. कवटीत कानाच्या आतल्या बाजूला एक ठिपका, खाली माकडहाडाच्या वर एक ठिपका. "हा विषाणू कातडीतून आत शिरला की मज्जातंतूंच्या अशा गाठींत जाऊन झोपतो. तोंडातून शिरला तर इथे, खालून शिरला तर इथे. ताप आला, ऊन लागलं, जागरण झालं की कधीकधी उठतो आणि आला त्याच वाटेने वर येतो. तोच तो ओठावर फुटलेला ताप."

"पण माझं पॉझिटिव्ह आहे."

"तुम्ही रक्त कधी दिलंत? पाचव्या दिवशी. हे आयजीजी तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी तीन-चार महिने. म्हणजे हे त्या शुक्रवारचं नाही. खूप जुनं आहे. बहुतेक लहानपणचं." आयजीएमवर तिने सरळ काट मारली. ते जुन्या लागणीतही वर येतं, दुसऱ्या कशानेही फसतं, त्यावर आम्ही काही ठरवत नाही, म्हणाली. फोड नसताना ही रक्ताची तपासणी करायलाच आम्ही सांगत नाही. फोड आला तर त्याचा स्वॅब घ्यायचा, त्यातून नीट कळतं. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "ताई, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, पन्नाशीच्या आतल्या शंभरातल्या ६४ जणांच्या अंगात हा पहिला प्रकार असतो. या बोळात बसलेली माणसं मोजा."

मी तिला विचारलं, म्हणजे मला त्याच्याकडून काहीच होणार नाही? शून्य? ती थांबली. "शून्य मी म्हणणार नाही. फोड नसतानाही विषाणू कधीकधी कातडीवर येतो, आणि कंडोमने सगळी कातडी झाकली जात नाही. पण हा पहिला प्रकार आधीच अंगात असलेल्या माणसाला तोच पुन्हा नव्या जागी लागणं फार क्वचित. शून्य तर मी माझ्या स्वतःच्या ओठांबद्दलही सांगू शकत नाही." मला त्या क्षणी तिचा राग आला. मी शून्य ऐकायला आले होते. आता वाटतं, तिने तेव्हा शून्य म्हटलं असतं तर मी तिच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवला नसता. तिच्यामागच्या कपाटात रंगीत पाकिटं रचलेली होती, राखाडी, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी, काळी. लाल पाकीट हर्पिसच्या जखमांचं, त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या, फुकट मिळतात. "लागलंच कधी, तर हे इथे आहे. विषाणू जात नाही याने, पण फोड लवकर बसतात. तुम्हाला आज ते देत नाहीये." एचआयव्हीची तपासणीही तिथेच फुकट होते, ती हवी तर करून घ्या म्हणाली, घाबरून नाही, एक नियम म्हणून. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर केस पेपरवर लिहून दिला, रात्री प्रश्न पडले तर फोन करायला. टॉवेलचं मी शेवटी विचारलं. ती हसली नाही. कोरड्या वस्तूंवर तो फार वेळ तग धरत नाही, कातडीला कातडी लागूनच तो जातो, टॉवेल-बादलीचं सोडून द्या, म्हणाली. एक मात्र पाळा : ओठावर फोड असेल तेव्हा तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका. महिना-दीड महिन्याच्या बाळाला तो जिवावर बेततो.

लहानपणचं. हा शब्द घेऊन मी जिना उतरले. आईच्या ओठावर वर्षातून दोनदा तरी ताप फुटतो, परीक्षा माझ्या असायच्या तेव्हा, बाबा गेले तेव्हा, मोठा पाऊस सुरू होतो तेव्हा. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला, नेहमी त्याच जागी. ती त्यावर साजूक तूप लावते. आणि ती पापे घेणारी आई आहे. कपाळ, गाल, तोंड, जिथे पोचेल तिथे. शाळेतून आले की घेई, पडले-लागलं की घेई, तापात असले की तर जास्तच. माझ्या ओठावर आजवर कधी काही उठलेलं मला आठवत नाही, पण कानाच्या आतल्या बाजूच्या त्या गाठीत जे काही झोपलंय ते बहुधा तिने ठेवलेलं आहे. नक्की सांगता येणार नाही. मावशी असेल, आजी असेल. पण मला ती आईच असावी असं वाटतं. बोळातून बाहेर पडताना ते मनात आलं आणि मी गेटजवळच्या शहाळेवाल्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

मंगळवारी त्याला फोन केला. इतके दिवस मी त्याचे मेसेज नुसते वाचत होते. सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मला पाचवीपासून होतं हे. नाव असतं याला, हे माहीत नव्हतं." आवाज दुखावलेला होता. मी त्याला दहा दिवस मनात काय काय म्हटलं होतं ते त्याला आवाजावरून कळलं असावं. मग एकदम म्हणाला, "ताईचं बाळ वीस दिवसांचं आहे. मी परवा बघायला जाणार होतो." मी म्हटलं, आता खपली आहे का? नाही, सगळं गेलंय, म्हणाला. तरी मुका नको घेऊस, हात धुऊन नुसतं मांडीवर घे. "हो." आम्ही पुन्हा भेटलो का, तर अजून नाही. मला त्याची आठवण येते. त्याच्या ओठाकडे बघितल्याशिवाय त्याच्याकडे बघता येईल का, ते मला माहीत नाही.

बुधवारी बारावा ठिपका दिला. काही उठलं नाही. सुटल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, पण नुसती थकले होते, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्यासारखी. संध्याकाळी आई शेंगा निवडत बसली होती, तिच्यासमोर बसून मी शेंगा मोडायला घेतल्या आणि म्हटलं, "अंगावर काहीतरी उठेल अशी भीती वाटत होती मला. तुझ्या ओठावर उठतं ना, तसलंच. नाही उठलं." आईने विचारलं, "ओठावर?" मी उत्तर दिलं नाही. तिने एक शेंग मोडली, दोरा ओढून काढला, दुसरी घेतली. "लागतं का ते दुसऱ्याला?" लागतं, मी म्हटलं, फोड ओला असताना, जवळ घेतलं तर. टॉवेलने नाही. माझंच चुकलं. ती बराच वेळ शेंगाच बघत होती. मग म्हणाली, "मग तुला मी दिलं असेल."

गणपतीच्या आधी तिला दोन दिवस ताप आला आणि ओठ फुटला, डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. मी ऑफिसातून आले तर मोरीच्या कट्ट्यावर तिचा स्टीलचा पेला आणि बशी एकीकडे पालथी घातलेली, आणि दोरीच्या टोकाला तिचा पिवळा टॉवेल. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पेला विसळला आणि मांडणीवर इतर पेल्यांच्या रांगेत लावला. टॉवेल अजून ओलाच होता. मी तो माझ्या निळ्या टॉवेलाशेजारी सरकवला, चहा टाकला, आणि तिच्या कपाळावर हात ठेवला तर ताप उतरत होता.